पेडण्याचा बोगदा आणि वीतवीत सरकलेलं काम

मुंबईहून निघालेली गाडी सावंतवाडी सोडते, मडुरे मागे पडतं आणि गोव्यात शिरता शिरता डब्यात एकदम काळोख होतो. एखादं पोर हौसेनं किंचाळतं, कुणी खिडकीवरचा हात आत ओढून घेतं आणि दीड-दोन मिनिटांत पुन्हा उजेड! बोगदा संपलासुद्धा. हाच पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. याच मार्गावर रत्नागिरीजवळ करबुडेचा बोगदा आहे, तो साडेसहा किलोमीटरचा. त्याच्यापुढे पेडण्याचा म्हणजे अगदीच बच्चा. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळात साडेसहा किलोमीटर आत शिरणारी माणसं या दीड किलोमीटरपुढे हतबल झाली. बाकी सगळा रूळ टाकून तयार आणि गाडी मात्र पुढे जात नाही, अशी अवस्था या एका बोगद्यानं कोकण रेल्वेची करून ठेवली होती.

कोकण रेल्वेची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा विजयगाथा म्हणून सांगितली जाते. सात-साडेसात वर्षांत ७६० किलोमीटर मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. आकडे खरेच आहेत. पण ते ऐकून झाल्यावर सामान्य माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. घरोघरी काही ना काही अडलेलं असतं. कुणाचं बांधायला काढलेलं घर जोत्यापाशी थांबलेलं असतं, कुणाचा मुलगा तिसऱ्यांदा त्याच परीक्षेला बसतोय, कुणाचा धंदा दोनदा बुडून पुन्हा उभा राहू पाहतोय. अशांना शेजारीपाजारी एकच सल्ला देतात : जिद्द सोडू नका. पण जिद्द सोडायची नाही म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. पेडण्याच्या बोगद्यात ते बघायला मिळतं. म्हणून हा लेख उद्घाटनाच्या फितीबद्दल कमी आणि चिखलाबद्दल जास्त आहे.

कागदावरची रेल्वे

कोकणातून रेल्वे न्यायची कल्पना ब्रिटिशांच्या काळापासूनची. पाहण्या झाल्या, नकाशे झाले, फायली झाल्या, रेल्वे काही झाली नाही. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी या मागणीचा ध्यास घेतला. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली, त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी ती सोडली नाही. तरीही १९८६ मध्ये रूळ पोहोचले ते रोह्यापर्यंतच. त्याच्या खाली चाकरमान्याला एसटी आणि कशेडीचा घाट! गणपतीला गावी जायचं तर आरक्षणासाठी रांगा, आणि पोराबाळांना घेऊन रात्रभर ओकाऱ्या काढत केलेला प्रवास. ज्यांनी तो केलाय त्यांना अधिक सांगायला नको.

१९८९ मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि योग असा जुळून आला की रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, तर अर्थमंत्री झाले दंडवते. एक मंगळूरचा, एक कोकणाचा प्रतिनिधी. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात हे काम घातलं तर दरवर्षी चिमूटभर पैसे मिळणार आणि पुढच्या पिढीलाही गाडी दिसणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून स्वतंत्र कंपनी काढायचं ठरलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. त्यात ५१ टक्के हिस्सा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी सहा टक्के. उरलेला पैसा मुख्यतः बाजारात रोखे विकून उभा करायचा. म्हणजे कर्ज काढूनच घर बांधायचं, आणि काम रेंगाळलं की व्याज वाढत जाणार. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. मुदत ठरली पाच वर्षांची.

महामंडळाचे प्रमुख झाले ई. श्रीधरन. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळानं रामेश्वरला जोडणारा पांबन पूल उद्ध्वस्त केला, तेव्हा दुरुस्तीला सहा महिने लागतील असा रेल्वेचा अंदाज होता. वरिष्ठांनी मुदत तीन महिन्यांवर आणली. तरुण श्रीधरननी काम ४६ दिवसांत उरकलं. गोष्ट छानच आहे. पण खरं सांगायचं तर ४६ दिवसांच्या त्या पराक्रमापेक्षा याच माणसाला पुढे एका दीड किलोमीटरच्या बोगद्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. झपाटा दाखवायला माणसं मिळतात. जिथे झपाटा चालतच नाही तिथे टिकून राहणारी माणसं विरळा.

एक अडलं तर सगळं अडू नये

पहिलं शहाणपण दिसतं ते कामाच्या वाटणीत. सगळा मार्ग सात विभागांत तोडला गेला. महाड, रत्नागिरीचे दोन, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकाला स्वतंत्र मुख्य अभियंता. साध्या निर्णयासाठी त्यानं वरच्या कचेरीकडे कागद पाठवून वाट बघत बसायचं नाही. ठेकेदाराच्या बिलाची बरीचशी रक्कम बारीक तपासणी व्हायच्या आत त्याला द्यायची, उरलेली तपासणीनंतर, अशी पद्धत ठेवली होती. सरकारी कामाची सवय असलेल्यांना हे विपरीत वाटेल, पण पैशांवाचून पोकलेन थांबला की दिवस वाया जातो आणि पावसाळा काही कुणासाठी थांबत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक होते. कोकणातला सातबारा ज्यानं पाहिलाय त्याला या आकड्याचा अर्थ लागेल. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर पंधरा नावं, त्यातली आठ मुंबईत, दोन हयात नाहीत, एकाचा पत्ता नाही. शिवाय नुसती जमीन थोडीच जाणार होती? आजोबांनी लावलेला कलम, काजूची चार झाडं, विहीर आणि तिच्याकडे जाणारी पाणंद. सरकारी भावात या सगळ्याची किंमत लागते, मोल लागत नाही. कोकण रेल्वे व्हावी असं मनापासून वाटणाऱ्यांनीच स्वतःचे तुकडे दिले, ही गोष्ट कौतुकाच्या भाषणांत फार कमी येते.

काम तुकड्यातुकड्यानं झालं तसा मार्गही तुकड्यातुकड्यानं उघडत गेला. मार्च १९९३ मध्ये दक्षिण टोकाला मंगळूरजवळच्या ठोकूरपासून उडुपीपर्यंत गाडी सुरू झाली, त्याच वर्षी जूनमध्ये उत्तरेकडे रोह्याहून वीरपर्यंत. वीर म्हणजे महाडजवळचं एक छोटं स्टेशन. मुंबईकराच्या दृष्टीनं तिथपर्यंत गाडी आली काय अन् न आली काय! पण काम करणाऱ्याच्या दृष्टीनं फार मोठा फरक पडतो. धावणारी गाडी दाखवता येते. रोखे घेतलेल्याला दाखवता येते, संसदेत दाखवता येते, आणि मुख्य म्हणजे भर पावसात छावणीत राहणाऱ्या तरुण अभियंत्याला स्वतःला बघता येते. १९९५ मध्ये गाडी खेडला आली, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीला. दक्षिणेकडूनही तसंच. एका बोगद्याचं घोडं अडलं म्हणून उरलेले सातशे किलोमीटर गंजत पडले नाहीत.

आणि घोडी बरीच अडत होती. गोव्यातली तर रस्त्यावर.

गोव्यातला विरोध

गोव्यात या मार्गाविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं. आपल्याकडे अशा वेळी 'विकासाला विरोध' असा शिक्का मारून मोकळं होण्याची रीत आहे. तसं करणं अन्यायाचं होईल. गोव्याच्या नद्यांकाठी खाजन जमिनी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, मानशीतून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर खेळवून, खाऱ्या पाण्याच्या काठावर तिथले लोक भातशेती आणि मासेमारी करत आले. अशा जमिनीतून रेल्वेचा उंच भराव गेला तर पाण्याची वाट अडेल, ही भीती हवेतली नव्हती. जुन्या गोव्याच्या ऐतिहासिक चर्चपासून मार्ग किती अंतरावर असावा, दाट वस्तीच्या पट्ट्याऐवजी तो आतल्या तालुक्यांतून का नेऊ नये, हेही प्रश्न होते.

१९९३ मध्ये केंद्र सरकारनं गोव्यातलं वादग्रस्त भागातलं काम थांबवलं आणि न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला. कित्येक महिने यंत्रं नुसती उभी. कर्जावरचं व्याज मात्र चालू. शेवटी ठरल्या मार्गानंच काम पुढे न्यायचं झालं, पण पाण्याच्या वाटा आणि जुन्या वास्तू यांची काळजी घेण्याच्या अटींसह. या सगळ्या काळात रत्नागिरीत पानवलचा पूल उभा राहत होता. ६४ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारतीएवढा. दरीच्या एका काठावर पुलाचा एकेक भाग ओतायचा आणि जॅकनं पुढे ढकलत ढकलत खांबांवरून पलीकडे न्यायचा, अशा नव्या पद्धतीनं तो बांधला गेला. होन्नावरला शरावती नदीवर दोन किलोमीटरहून लांब पूल होत होता. एक हात बांधलेला असताना दुसरा हात चालता ठेवायचा, म्हणजे काय ते इथे कळतं.

खडक परवडला, माती नको

आता पुन्हा बोगद्याकडे. डोंगर फोडायचा म्हटलं की आपल्याला कठीण वाटतो तो कातळ. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडायला महामंडळानं स्वीडनहून मोठी ड्रिलिंग यंत्रं आणली. कातळाला भोकं पाडायची, त्यात स्फोटकं भरायची, बार उडवायचा, धूर निवला की दगड उपसायचे आणि पुन्हा भोकं. काम कष्टाचं, धोक्याचं, पण शब्दाला जागणारं. आज जितकं खणलं तितकं उद्या सकाळी जागेवर असतं. कारण कातळ स्वतःचं छप्पर स्वतः पेलतो.

खरी फजिती झाली ती मऊ मातीत. कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडाखाली बरेच ठिकाणी चिकणमातीचे थर असतात. कोरडी असताना ही माती बरी वाटते. पाण्यानं फुगली की लोण्यासारखी होते. आणि पाणी तर उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही, कारण भूजलाची पातळीच वर. अशा मातीचे नऊ बोगदे या मार्गावर निघाले. जुन्या गोव्याचा त्यातलाच, आणि सगळ्यांत हट्टी पेडण्याचा. इथे स्वीडिश यंत्रं काय कामाची? स्फोटकं तर दूरच. यंत्राचा धक्का बसला की वरची माती खाली!

मग उरली ती सगळ्यांत जुनी पद्धत. हातानं खणायचं.

अशा मातीत काम करायची रीत अशी असते. आधी वरून, बाजूनं पंप लावून होईल तितकं पाणी उपसायचं. मग जिथे खणायचं आहे त्याच्या माथ्यावर, पुढच्या मातीत लोखंडी सळ्या किंवा नळ्या ठोकायच्या, म्हणजे खणण्याआधीच छपराचा आधार तयार. त्याखाली थोडीशीच माती काढायची. लगेच पोलादी कमान उभी करायची, मागची पोकळी काँक्रीटनं भरायची, मातीत सिमेंटचा पातळ रस दाबानं सोडून ती घट्ट करायची. मगच पुढची थोडीशी माती. घाईनं चार हात जास्त खणण्याचा मोह झाला तर आधीचंही जातं. पेडण्याला ते पुनःपुन्हा गेलं. खणलेला भाग कोसळायचा, महिन्यांची मेहनत चिखलात जायची आणि तीच जागा पुन्हा पहिल्यापासून खणायची. दुसऱ्या वेळी तर काम अधिकच अवघड, कारण आता पुढे अखंड माती नसते. आधीच्या मोडक्या कमानी, सळ्या, काँक्रीट आणि चिखल यांचा काला झालेला असतो.

बाहेरून बघणाऱ्याला याला प्रगती म्हणणं जड जाईल. पण आतल्या माणसांनी मोजमाप बदललं होतं. कातळातल्या बोगद्याची पट्टी मातीच्या बोगद्याला लावायचीच नाही. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं ही श्रीधरन यांची पुढे दिल्लीतही गाजलेली सवय. मुदतीचा एवढा धाक बाळगणाऱ्या माणसालाही या नऊ बोगद्यांपुढे मुदत बाजूला ठेवावी लागली. मऊ मातीनं एकूण कामाची चार वर्षं खाल्ली, असा हिशेब नंतर मांडला गेला.

आणि माणसंही खाल्ली. केवळ मऊ मातीच्या बोगद्यांत १९ जण गेले. सगळ्या मार्गावर मिळून ७४. रत्नागिरी स्थानकात त्यांच्या आठवणीसाठी श्रमशक्ती स्मारक आहे. गाडीची वाट बघताना पाच मिनिटं असतील तर तिथवर जाऊन यावं. कामाच्या चिकाटीचं कौतुक करताना मला या आकड्यापाशी नेहमी थबकायला होतं. मातीत पुढे असतो तो मजूर. काम पुढे रेटण्याचा निर्णय घेणारा वेगळा आणि त्याची किंमत मोजणारा वेगळा, हे मोठ्या कामांत फार वेळा घडतं. 'जिद्द' हा शब्द उच्चारताना ती कुणाच्या जिवावर चालली आहे, हे विचारायलाच हवं.

१९९७ च्या मध्यापर्यंत चित्र असं होतं की उत्तरेकडून गाडी सावंतवाडीला येते, दक्षिणेकडून गोव्यात पेडण्यापर्यंत रूळ तयार, आणि मधल्या वीसेक किलोमीटरमध्ये हा बोगदा तोंड बंद करून बसलेला. सातशे चाळीस किलोमीटर झाले तरी मुंबईहून मंगळूरला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्याला पूर्वीसारखाच दोन हजार किलोमीटरचा वळसा. त्या नोव्हेंबरात श्रीधरन यांच्याकडे दिल्ली मेट्रोची जबाबदारी आली. बोगदा अजून अपुराच होता. काम मात्र थांबलं नाही. एका माणसाच्या नावानं ओळखलं जाणारं काम त्याच्यावाचूनही चालू राहावं, ही व्यवस्था बसवणं हेच मला श्रीधरन यांचं मोठं कर्तृत्व वाटतं. जानेवारी १९९८ मध्ये पेडण्याचा बोगदा पुरा झाला आणि २६ जानेवारीला मार्ग सलग झाला. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत तो देशाला अर्पण केला. मुंबई-मंगळूर अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास आलं. खर्च गेला होता साडेतीन हजार कोटींच्या घरात, मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक. व्याजाचं ओझं महामंडळाच्या मानेवर पुढे कित्येक वर्षं राहिलं आणि त्यातला काही भाग चढ्या भाड्याच्या रूपानं प्रवाशानंही उचलला.

फीत कापल्यानंतर

इथे सिनेमा संपला असता. पण डोंगराला उद्घाटनाची तारीख कळत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली आणि कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. रुळांवर दगड आले आणि डबे पुलावरून खाली गेले. ज्या वेगाचं, ज्या कमी वेळाचं कौतुक झालं होतं, त्याच वेगाकडे आता संशयानं बघितलं जाऊ लागलं. डोंगर उभे कापले गेले होते, त्यांना पुरेसा उतार दिला नव्हता, हा आक्षेप घेतला गेला आणि तो बिनबुडाचा नव्हता.

पुन्हा काम सुरू झालं, आणि ते उद्घाटन न होणारं काम होतं. कटाईचे उतार सौम्य करणं, दरडींवर पोलादी जाळ्या मारणं, पाण्याला गटारं काढून देणं, सैल दगड एकेक करून काढून टाकणं. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं. गाड्या मुद्दाम हळू धावू लागल्या. जोराच्या पावसात समोरचं दिसेना तर चालकानं वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, अशी सूचना असते. लवकर पोहोचण्यासाठी बांधलेला मार्ग वर्षातले काही महिने सावकाश चालवायचा, हे पत्करायलाही एक प्रकारचं धैर्य लागतं. गाडी दोन तास उशिरा आली म्हणून आपण फलाटावर कुरकुरतो तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे. याच महामंडळाचे अभियंते पुढे काश्मीरमध्ये गेले. चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंचीच्या पुलाचं काम त्यांच्याकडे होतं. तेही वर्षानुवर्षं रखडलं, मार्गाची फेरतपासणी झाली, आणि जून २०२५ मध्ये पूल खुला झाला.

पेडण्याचं काय? ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे मुसळधार पावसात बोगद्याच्या आतली भिंत ढासळली. गाड्या पुणे, मिरज, लोंढ्यावरून वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये पुन्हा बोगद्यात पाणी आणि गाळ आला. तो रात्री काढून गाड्या सोडल्या, तर काही तासांत परत तोच प्रकार. गोव्यात, रत्नागिरीत, मुंबईत हजारो प्रवासी अडकले आणि बोगद्यात पुन्हा एकदा माणसं फावडी-घमेली आणि पंप घेऊन उतरली. विद्युतीकरण झालं, गाड्या वाढल्या, नवे डबे आले, पण जांभ्याखालच्या त्या मातीचा स्वभाव होता तसाच आहे.

दर जूनमध्ये कोकण रेल्वेवर गस्तीची माणसं वाढवली जातात. पाठीवर रेनकोट, हातात बॅटरी, जवळ लाल झेंडी आणि फटाके. हे फटाके रुळावर ठेवायचे, म्हणजे चाकाखाली वाजून चालकाला धोका कळतो. नेमून दिलेल्या टापूत रात्रभर चालायचं, दरडीकडे, रुळांकडे, गटारातल्या पाण्याकडे बघत. पाणी गढूळ झालंय का, एखादा दगड कालच्या जागेवरून हललाय का, हे बघायचं आणि पुढच्या माणसाला भेटून मागे फिरायचं. सकाळी दुसरा येतो. तोही तेवढंच अंतर चालतो.